हीराबाईंच्या पायातला नारू

१

इंदरचंद सेठच्या घरी नारू निघाला, हे मला शेलूबाजारच्या स्टँडवर चहा पिताना कळलं, आणि सांगणाऱ्याला मी सरळ वेड्यात काढलं. नारू कुणाच्याही घरी निघू शकतो. सेठच्या घरी मात्र त्याला शिरायला वाटच नव्हती.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. मी आरोग्य खात्याचा निरीक्षक. गावोगाव नारूचे रोगी शोधत फिरायचो, म्हणून लोक मला 'नारूवाले बबनराव' म्हणायचे. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. पायावर फोड येतो, आगीत पाय घातल्यासारखी जळजळ होते. मग फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढतो. ओढायची सोय नाही, कारण तुटला की पाय सुजून माणूस खाटेला खिळतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा.

हा किडा पोटात जातो पाण्यातून. बारवीच्या, तळ्याच्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव असतात आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. पाणी जाड कापडातून गाळलं की ते जीव कापडावरच अडकतात. बस, एवढाच इलाज.

आणि सेठचं घर जैनांचं! दुहेरी गळण्यातून गाळल्याशिवाय त्या घरात पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे. मी तर प्रत्येक गावात भाषण ठोकायचो, "सेठच्या घरासारखं पाणी गाळा, नारू झाला तर मला जोडे मारा." आता लोक जोडे शोधत असतील, या धास्तीनं चहा अर्धा टाकून मी सेठचं घर गाठलं.

हीराबाई खाटेवर बसल्या होत्या. घोट्याजवळचा फोड फुटला होता, आणि आत तो होताच. पांढरा, जिवंत.

"पाह्यलं ना?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली तवापासून गाळल्याबिगर पाण्याचा थेंब नाही घेतला म्या. सून आली अन् नारू आला. आता काय समजाचं ते तुमीच समजा."

सून दाराशी उभी होती. विजयमाला, धनजची. तुळशीचं लग्न झाल्यावर या घरात आली होती. तिचा नवरा अजितकुमार भिंतीला टेकून जमीन बघत होता. चार दिवसांपासून हीराबाई सुनेच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. तसला पाय ओढत स्वतः उठत आणि स्वतःचं पाणी स्वतः गाळत.

सेठ माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात एवढंच विचारलं, "ही बरी होईल ना, बबनराव?"

"होईल की."

"बस मंग," ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

मी काडीला किड्याचं टोक गुंडाळत होतो. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. हीराबाई दाराकडे न बघता बोलल्या, "अखाजीले हिचा भाऊ नेयाले येऊन राह्यला. नेऊ दे. पुन्हा आणाले आमच्याकडून कोणी जाणार नाही."

विजयमालाच्या हातातली वाटी खाली पडली.

२

दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या बसमधून भागिरथीबाई उतरल्या. सेठच्या थोरल्या बहीण, विधवा, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चौथीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली मार खाल्लेला. मला बघताच म्हणाल्या, "बबन्या, तू तं म्हणत होता गाळल्या पाण्यानं नारू होत नाही. खरं का खोटं?"

"खरं बाई. शप्पथ."

"शप्पथ नको. पाह्यलं का ऐकलं?"

हा त्यांचा जुना प्रश्न. वर्गात कोणी काहीही सांगो, बाई आधी हेच विचारायच्या. भल्याभल्यांची बोबडी वळायची. त्या दिवशी ओसरीवर शेजारपाजार जमला होता आणि जो तो डॉक्टर झाला होता. एक म्हणाला, नारू म्हणजे जागेवरून सुटलेली शीर.

"पाह्यलं का ऐकलं?"

"ऐकलं."

"आत ये अन् पाह्य. शीर वळवळते का ते सांग." तो आत गेला, आणि बाहेर आला तो थेट घरी.

दुसरीनं सांगितलं, शिवल्यानं होतो. सुनेच्या माहेरी कुणाला तरी असेल. बाईंनी माझा हात धरून सगळ्यांपुढे उंच केला. "ह्या हातानं यानं जिल्ह्याचे नारू काढले. याले झाला का? मंग पोट्टीचं नाव कायले घेता?"

तिसरी पायगुण म्हणाली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती उठून गेली.

मग बाई परसात आल्या. "विजे, पाणी गाळ. मी पाह्यते."

विजयमालानं गळण्याची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बसवली आणि धार धरली. एक थेंब कडेनं गेला नाही. मग तिनं कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका लोट्यात खळबळलं. कापडावर अडकलेले जीव त्या पाण्यात उतरतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती फेकायची नसते. जिथलं पाणी तिथंच नेऊन सोडायची, म्हणजे ते जीव मरत नाहीत. तिनं लोटा दोरीनं विहिरीत पाण्यापर्यंत सोडला आणि तिथं अलगद कलता केला.

"काही खोट नाही," बाई म्हणाल्या. "पण लोटा नवा दिसते. हीरा, तुह्या माहेरचा लोटा कोठी गेला? तुहं नाव कोरलेला?"

आतून हीराबाई म्हणाल्या, "तो गेला वन्सं. मागच्या साली धनजले पोरगी पाह्याले गेलो होतो ना, येतानी जीप तापली. कारंज्याच्या वाटेवर बारव आहे तिथं थांबलो. यायले, अजितच्या बाबाले, लई तहान लागली होती, म्हणून म्या पाणी गाळून देल्लं. जिवाणी सोडाले पायऱ्या उतरली अन् उन्हानं भोवळ आली. लोटा हातचा सुटला, तळाले गेला. यायनं तोंडावर पाणी मारलं तवा शुद्धीवर आली."

सेठ तिथंच चहा घेत बसले होते. बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "बबन्या, नारू पोटात गेल्यावर बाहेर कवा निघते?"

"साधारण वर्षभरानं, बाई."

"वर्षभरानं? अन् विजी ह्या घरात येऊन सहा महिने नाही झाले!"

अजितकुमारनं पहिल्यांदा मान वर केली. सेठनी मात्र कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि दुकानाकडे चालू लागले. कपात अर्धा चहा तसाच. सेठ म्हणजे सुतळीचा तुकडासुद्धा उचलून ठेवणारा माणूस. मी तो कप बघितला आणि विसरलो. बाई विसरल्या नाहीत.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! हीराबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे मागच्या साली म्याच बिनगाळल्या पाण्यानं तोंड बाटवलं म्हणता? माहं गळणं खोटं? जा बबनराव, तुमचं वर्ष तुमच्यापाशी ठेवा. हे ह्या पोट्टीचंच काम आहे."

बाईंनी मला परसात ओढलं. "ऐकलं? आता तिचा नेम खोटा पडते, नाहीतर सून. नेम तं ती सोडत नाही. तिच्या पोटात ते पाणी कसं गेलं हे दाखवल्याबिगर ही पोट्टी ह्या घरात राहत नाही, बबन्या. अन् अखाजी तं परवावर आली."

३

बाई पायरीवर बसून मोठ्यानं विचार करू लागल्या. "घरात घागर एकच. सगळेच तिच्यातलं पेतात. नारू झाला एकट्या हीरेले. म्हणजे पाणी घरातलं नाही. बाहेर पेली. अन् मागच्या उन्हाळ्यात ती बाहेर गेली कोठी? फकस्त धनजले."

हे आत ऐकू गेलं आणि हीराबाई कडाडल्या, "हे बरोबर! हिच्या माहेरचंच पाणी! त्याईनंच बिनगाळलं पाजलं मले!"

झालं. उजेड पाडायला गेलो आणि पोरीचं माहेरही आरोपी करून बसलो. तेव्हा विजयमाला पहिल्यांदा बोलली. आवाज लहान होता, पण धड होता.

"आत्याबाई, आमच्या घरी सासूबाईंनी पाण्याले हातच नाही लावला. मीच तांब्या घेऊन आली होती. ह्या म्हणाल्या, आज चौदस आहे, निर्जळी उपास आहे. मले वाटलं, मी पसंत नाही म्हणून बहाणा करून राह्यल्या. आत जाऊन रडली मी."

 हीराबाई म्हणाल्या, "उपासच होता माहा. वेडी कोठची. पसंत तं पाह्यल्यापाह्यल्या होती तू." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तोंड फिरवून घेतलं.

मी मात्र कपाळाला हात लावला. घरी प्यायल्या नाहीत, धनजला प्यायल्या नाहीत. बारवीवर पाणी गाळलं ते नवऱ्यासाठी, स्वतःला तर उपास. हीराबाईंनी दिवसभर थेंब घेतला नाही आणि वर्षानं पायातून नारू निघाला!

"जीप कोणाची होती?" बाईंनी विचारलं.

"फुलसिंगची," अजितकुमार म्हणाला. "मानोऱ्याकडच्या तांड्यातला. पण आत्या, आठ दिवस झाले त्याची जीप बाजारात दिसली नाही. पाय दुखते म्हणते त्याचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली आणि आम्ही दोघं तांड्यावर गेलो.

फुलसिंग झोपडीपुढे बाजेवर पडला होता. गुडघ्याखाली कडुनिंबाचा पाला बांधलेला. सोडून बघितलं, तर नारू! बाईंचे डोळे चमकले.

"फुलसिंग, मागच्या साली सेठले घेऊन धनजले गेला होता. बारवीवर तू पाणी पेला होता?"

"हो बाई. गाडीले पाजलं, मंग ओंजळीनं मी पेलो."

"गाळून?"

तो दुखण्यातही हसला. "आमी कायले गाळतो?"

ती बारव मला ठाऊक होती. लोक पायऱ्यांवरून पाण्यात उतरून घागरी भरायचे. मागच्या उन्हाळ्यात त्या गावात मी कितीतरी नारू गुंडाळले होते. गावाचं नाव सांगत नाही, लोक अजून राहतात तिथं. म्हणजे फुलसिंगचा आणि हीराबाईंचा नारू एकाच पाण्यातला, यात शंका उरली नाही. पण ओंजळीनं प्यायला तो फुलसिंग. उपासाच्या बाईच्या पोटात ते पाणी गेलं कसं?

"बाईसाहेब पडल्या तवा तू काय पाह्यलं?"

"काही नाही. माहं डोकं बॉनेटमधी. सेठ ओरडत खाली पळाले एवढं ऐकलं. मंग त्यायले उचलून वर आणलं."

फुलसिंगची बायको रुपाबाई पाणी घेऊन आली. बाईंनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. लोट्याच्या काठाखाली अक्षरं कोरलेली होती. बाईंनी ती बोट फिरवून वाचली. सौ. हीराबाई.

बारवीच्या तळाशी गेलेला लोटा!

४

"चोरला नाही, बाई," फुलसिंग घाबरून उठू लागला. "सेठनं देला. बाईसाहेबांले घरी सोडलं अन् मागून सेठ मले म्हणाले, हा तुले ठेव, कोणाले सांगू नको."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. मांडीवर लोटा, वर पदर. शेलूबाजारला उतरल्यावर घरी न जाता सरळ दुकानात गेल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी लोटा गादीवर भावासमोर ठेवला.

सेठनी लोट्याकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"मी सांगते, चुकलं तं सांग," बाई म्हणाल्या. लहान भावाला शिकवणी द्यावी तसा आवाज होता. "गाळलेलं पाणी तू सगळं पेऊन गेला. हीरा जिवाणी घेऊन पायऱ्या उतरली अन् पडली. पण लोटा सुटला नाही. तिच्या हातातला लोटा सुटतच नाही, त्यात जीव असतात तिचे. तू पळत गेला. जवळ पाणी तेवढंच होतं. तोंडावर मारलं नाही, इंदर. पाजलं."

सेठच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तिचे डोळे फिरले होते, आक्का. ओठ काळे पडले होते. म्या लोटा तोंडाले लावला. दोन घोट गेले अन् तिनं श्वास घेतला. त्या घडीले मले काय जिवाणी, काय उपास, काही नाही दिसलं. ती दिसली फक्त."

मी आयुष्यभर लोकांना पाणी गाळा म्हणून सांगत आलो. पण कापडावर अडकलेला सगळा नारू गोळा होतो तो त्या जिवाणीत, आणि ती कुणी पिईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कोण पिणार? कोणीच पीत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी ते पाणी जमिनीवर ओतलं असतं. या घरातल्या बाईनं ते जपून हातात धरलं होतं, म्हणून ते तिच्या तोंडापर्यंत पोचलं.

"मंग लोटा काहून देऊन टाकला?"

"उष्टा झाला होता ना, आक्का. तिच्या तोंडाले लागलेल्या लोट्यात तिले पुन्हा जिवाणी कशी धरू देऊ? अन् सांगू काय? शुद्धीवर आली तं पयला शब्द हाच, जिवाणी सोडली का? म्या म्हटलं, सोडली, लोटाही गेला. तवा तिचा जीव भांड्यात पडला."

"अन् काल वर्षाचं ऐकून उठून गेला तू."

"तवाच समजलं मले." सेठ टोपी मुठीत चुरगळत होते. "पण तिले सांगतलं, का ज्या जिवांले तू वाचवत होती तेच तू उपासाच्या दिवशी पेली, तं ती अन्नपाणी सोडते. तू तिले ओळखते. अशा पायानं ती उपासाले बसली तं उठणार नाही, आक्का. म्या मनाशी म्हटलं, पाय बरा होऊ दे. मंग पाया पडून सुनेले मीच घेऊन येईन."

"अन् तवापर्यंत त्या पोट्टीनं काय समजाचं? का तिच्या हातचं पाणी बाटलं?"

सेठनी मान खाली घातली. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. गुन्हेगार सापडल्यावर असा हात फिरवणारा तपास मी दुसरा पाहिला नाही.

"तूच सांग तिले," त्या म्हणाल्या. "उद्या. मी सांगतलं तं ते ऐकलेलं होईल. पाह्यलं तू आहे."

५

अखाजीच्या सकाळी विजयमालाचा भाऊ दौलत येऊन ओसरीवर बसला होता. ट्रंक दाराशी आली होती. अजितकुमार ट्रंकेवरच बसून होता. वर बसलं की ती हलणार नाही, असं त्याला वाटत असावं. मी हीराबाईंच्या पायाची काडी फिरवत होतो, तेव्हा सेठ आत आले आणि लोटा खाटेवर ठेवला.

हीराबाईंनी आपलं नाव वाचलं. सेठ उभ्या उभ्याच बोलले, सगळं. मधे दोनदा थांबले. बाई दाराशी होत्या, पण त्यांनी मदत केली नाही.

हीराबाईंनी लोटा जवळ ओढून घेतला. मग त्यांनी मला विचारलं, "ते मेले का हो, जिवाणीतले?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या. "मेले, काकू. नारूची पिल्लं तेवढी जगली."

"प्रायश्चित्त घ्या लागते मंग."

सेठनी खाटेचा काठ धरला. "हीरा, तो दोष माहा आहे. उपास मी करतो. तू..."

"तुमी गप बसा अजितचे बाबा. तुमी मेलेलं माणूस उठवलं. तुमाले कशाचा दोष?" त्यांनी दाराशी उभ्या विजयमालाकडे बोट केलं. "पाण्यातले जीव नकळत गेले. पण ही पोट्टी माह्या डोळ्यादेखत दारात उभी होती. तिले मी जाणूनबुजून उन्हात काढत होती. पयले प्रायश्चित्त त्याचं."

 आता ही बाई काय सोडते, अन्न की पाणी?

"विजे," हीराबाई म्हणाल्या, "मले तहान लागली. सकाळपासून घोट नाही घेतला. तुह्या हातचं पाणी आन, माय."

विजयमाला आधी जागची हललीच नाही. मग तोंडाला पदर लावून परसात पळाली. अजितकुमार ट्रंकेवरून उठला, ट्रंक उचलली आणि कोणी काही म्हणायच्या आत आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दौलत बिचारा ओसरीवरून विचारत होता, "निघाचं ना आता?" भागिरथीबाई त्याला म्हणाल्या, "हातपाय धुऊन घे बाप्पा. जेवून जा. अन् एकटाच जा."

विजयमालानं आमच्यासमोर पाणी गाळलं आणि पेला सासूच्या हातात दिला. हीराबाई पेला रिकामा होईपर्यंत थांबल्या नाहीत. मग सुनेचा हात धरून ठेवला आणि रडल्या. सूनही रडली. माझ्या डोळ्यांत काडीचं औषध गेलं असावं.

सेठना काहीतरी करावंसं वाटत होतं. परसात जिवाणीचा नवा लोटा भरून ठेवलेला होता. ते उठले. "आण पोरी, विहिरीवर मी सोडून येतो."

"नाही!" हीराबाई खाटेवरून ओरडल्या. "त्यायच्या हाती लोटा देऊ नको, विजे! पाजतीन कोणाले तरी!"

विजयमाला डोळे पुसता पुसता हसली. त्या घरात मी तिला मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. लोटा दोन्ही हातांत धरून ती हळूहळू विहिरीकडे गेली.